खारभूमीतील भातशेती : पुराचा अंदाज उघाडीवरून घ्यावा

रायगड जिल्ह्यात पेण, अलिबाग परिसरातील खाडीकाठच्या भातशेतीला आषाढ-श्रावणात दोन निराळ्या पुरांचा धोका असतो. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासच्या मोठ्या, भरतीला बांध ओलांडून किंवा त्याला खांड (भगदाड) पाडून शिरणारा पूर खारा असतो, तर डोंगरावरून उतरलेले पावसाचे पाणी उघाडीतून (बांधातील झडपेच्या दारातून) वेळेत बाहेर न पडल्याने साचणारा पूर गोड्या पाण्याचा असतो. उधाणाच्या दिवशी सारे गाव बांधावर असते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत मात्र सगळे निर्धास्त होतात, आणि आमच्या मते खरी चूक तिथेच होते. उधाणाला भरती जशी उंच चढते तशी ओहोटीही खोल जाते, त्यामुळे त्या चार-पाच तासांत शेतातील पाणी जोराने निघून जाते. भांगात भरती बेताची असली तरी ओहोटीलाही खाडी फारशी उतरत नाही, उघाडीच्या आतल्या आणि बाहेरच्या पाण्यात फरक राहत नाही आणि मुसळधार पाऊस झाला तर रोपे दिवसचे दिवस पाण्याखाली राहतात.

हे समजण्यासाठी साधा हिशेब करावा. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. समजा, बांधबंदिस्तीखाली 50 हेक्टर जमीन आहे आणि दिवसभरात 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर डोंगराचे पाणी सोडूनही 5 कोटी लिटर पाणी काढावे लागते. एक मीटर रुंदीच्या उघाडीतून अर्धा मीटर खोलीचे पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहिले, तर तासाला 18 लाख लिटर जाते. म्हणजे जवळपास 28 तास उघाडी वाहती हवी. दिवसातून दोन ओहोट्या आणि प्रत्येकीला पाच तास धरले, तर पाणी उतरायला जवळजवळ तीन दिवस लागतील. झडपेत ओंडका, प्लॅस्टिक किंवा गाळ अडकून ती अर्धीच उघडत असेल, तर सहा.

म्हणून प्रत्येक उघाडीच्या आत आणि बाहेर एकेक खांब रोवून त्यावर दर 10 सेंटिमीटरला रंगाची खूण करावी. दोन्ही खांबांचा शून्य उघाडीच्या उंबरठ्याच्या पातळीला असावा. भरती आणि ओहोटीच्या वेळी दोन्ही आकडे, तिथी आणि पाऊस वहीत लिहावा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे : पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. मात्र खाडीच्या आतल्या गावांत भरती उशिरा पोहोचते, तो उशीर किती हे पंधरवडाभर खांब पाहून आपणच ठरवावे. सर्वांत मोठी भरती पौर्णिमा-अमावस्येच्या दिवशीच येते असे नाही, बहुधा त्यानंतर एक-दोन दिवसांनी येते.

भरतीच्या छापील तक्त्यात वारा आणि हवेचा दाब धरलेला नसतो. कमी दाबाचे क्षेत्र जवळ असले किंवा पश्चिमेचा वारा जोरात वाहत असला, तर खाडी तक्त्यापेक्षा वर चढते. त्यामुळे बाहेरच्या खांबावरचे पाणी त्याच तिथीच्या नेहमीच्या खुणेपेक्षा 20 सेंटिमीटर वर दिसले, तर पाऊस नसतानाही पुढच्या भरतीआधी बांधावर माणसे ठेवावीत. हवामान खाते 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला जोरदार आणि 115.6 पासून पुढच्याला अतिजोरदार म्हणते. असा इशारा आल्यावर आधीच्या ओहोटीला शेतातील आणि आतल्या तळ्यातील पाणी उतरवून जागा करून ठेवावी. जिताडे (खाडीतले मासे) पाळणाऱ्यांनी तळ्याच्या तोंडावर जाळी बांधल्याशिवाय हे करू नये. वाशिष्ठीकाठच्या चिपळुणात 22 जुलै 2021 रोजी पूर आला, तो गुरुपौर्णिमेच्या दोन दिवस आधी. डोंगरातील अतिवृष्टी आणि मोठी भरती एकत्र आल्यावर नदीला पाणी टाकायला जागा उरत नाही.

बांधाच्या पाहणीत चिंबोऱ्यांची बिळे आधी शोधावीत. बिळातून येणारे पाणी स्वच्छ असेपर्यंत धोका कमी असतो. ते गढूळ झाले की आतली माती वाहू लागली असे समजावे आणि त्याच ओहोटीला चिकणमातीने बीळ ठासून बुजवावे. बांधाबाहेरचे कांदळवन तोडू नये, लाटेचा पहिला मार तेच झेलते.

खारे पाणी शिरलेच, तर खांड पुढच्या भरतीपूर्वी बुजवून पाणी लगेच ओहोटीला काढावे, पावसाचे पाणी साठवून पुन्हा सोडावे आणि खाचरातील पाणी जिभेला खारट लागेनासे झाल्यावरच राखून ठेवलेल्या रोपांनी नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भराव्यात. तोपर्यंत युरिया देऊ नये. पीक फुलोऱ्यात असताना भात पुन्हा खाऱ्या पाण्याला नाजूक होते आणि तेव्हा मीठ धुऊन काढायला पाऊसही उरलेला नसतो. सप्टेंबरअखेरच्या उधाणात मध्यरात्रीची भरतीही दुपारच्या तोडीची असते, म्हणून त्या चार-पाच दिवसांत उघाडीवर रात्रीचीही पाळी लावावी.