हिमोग्लोबिन कमी आलंय? मग आयर्नची गोळी नीट कशी घ्यायची ते वाचा

हिमोग्लोबिन कमी आलं की आपल्याकडे पहिलं काम काय, तर फार्मसीत जायचं आणि "रक्त वाढायची गोळी द्या" म्हणायचं. तोही देतो एक स्ट्रिप, आपण घेतो पंधरा दिवस, पोट बिघडतं, मग ती स्ट्रिप फ्रीजवर पडून राहते. गोळी वाईट नाही हो, उलट चांगलं आणि स्वस्त औषध आहे, पण रक्त कमी का झालं ते न बघता आणि कशीही वेळ साधून घेतली तर महिने फुकट जातात आणि खरा आजार आत तसाच वाढत राहतो. घराघरात बायका असं दमून दमून काम करताना दिसतात म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी रिपोर्ट नीट बघा. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर असेल तर ११ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. पण त्याच सीबीसीच्या (रक्ताच्या साध्या तपासणीच्या) कागदावर एमसीव्ही म्हणून आकडा असतो, म्हणजे लाल रक्तपेशींचा सरासरी आकार, तो कोणी बघतच नाही. तो ८० च्या खाली असेल तर रक्तपेशी लहान झाल्यात, बहुतेक वेळा आयर्न कमी असतं. १०० च्या वर असेल तर बी-१२ किंवा फोलिक ॲसिडचा संशय घ्यायचा, आणि आयर्न आणि बी-१२ दोन्ही एकदम कमी असलं तर हा आकडा नॉर्मलसुद्धा दिसू शकतो. म्हणून डॉक्टरांना फेरिटिन आणि बी-१२ करायचं का ते विचारा. फेरिटिन म्हणजे शरीरातला आयर्नचा साठा. ताप किंवा इन्फेक्शन असताना ते खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा बरं झाल्यावर करा.

पेशी लहान आहेत पण फेरिटिन व्यवस्थित आहे, असं आलं तर थॅलेसिमिया ट्रेट, म्हणजे आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्तातला दोष, असू शकतो. त्यात आयर्नच्या गोळीने काही होत नाही, उलट नको असलेलं आयर्न अंगात साठतं. एचपीएलसी नावाची टेस्ट असते, ती करून घ्यायची, आणि लग्न ठरलेलं असेल किंवा बाळाचा विचार चालू असेल तर जोडीदाराचीही करायची.

कारण शोधणं सगळ्यात महत्त्वाचं. पाळीत खूप जातं का, दोन तासांत पॅड बदलावं लागतं का, मूळव्याध आहे का, गुडघ्यासाठी रोज पेनकिलर चालू आहे का, जंतांचं औषध कधी घेतलंय, हे सगळं डॉक्टरांना सांगा, लाजू नका. आणि पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं आयर्न कमी आलं तर नुसती गोळी घेऊन गप्प बसायचं नाही, पोटात-आतड्यात कुठे रक्त जातंय का ते तपासावंच लागतं. इथे मी कोणालाच सूट देणार नाही. बसल्या जागी धाप लागते, छातीत दुखतं, चक्कर येऊन पडायला होतं, किंवा गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली आहे, तर सरळ हॉस्पिटल गाठा.

आता गोळी. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात दोन आकडे असतात आणि तिथे लोक फसतात. फेरस सल्फेट २०० मिलिग्रॅम लिहिलं म्हणजे २०० मिलिग्रॅम आयर्न मिळालं असं नाही, त्यात प्रत्यक्ष आयर्न साधारण ६५ असतं. "एलिमेंटल आयर्न" समोर जो आकडा आहे तोच खरा. फेरस ॲस्कॉर्बेटच्या बऱ्याच गोळ्यांत तो १०० असतो. मल्टीव्हिटॅमिन, टॉनिक, आणखी कोणी दिलेली कॅप्सूल, सगळ्यांवर बघा, तीन ठिकाणून आयर्न जात असेल तर डॉक्टरांना दाखवून एक ठेवा. गरोदर बायकांना हेल्थ सेंटरवर मिळणारी लाल गोळी ६० मिलिग्रॅम आयर्न आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची असते, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर परत १८० दिवस. ती ॲनिमिया होऊ नये म्हणून, आधीच असेल तर डोस डॉक्टर वाढवून देतात, आपल्या मनाने दोन घ्यायच्या नाहीत. शाळेतल्या मुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात, ती मुलीने उपाशीपोटी न घेता काहीतरी खाऊन घ्यावी म्हणजे मळमळ होत नाही.

वेळेचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण गोव्यात सकाळ सुरू होते चहा-पावाने आणि चहातलं टॅनिन आयर्नला धरून ठेवतं, ते अंगात जाऊ देत नाही. कॉफी, दूध, दही, कॅल्शियमची गोळी, ॲसिडिटीचं औषध, हे सगळे तेच करतात. माझ्या वहिनीचं सांगते, तिला थायरॉइडची गोळी, आयर्न आणि कॅल्शियम तिन्ही चालू, आणि ती तिन्ही एकदम सकाळी चहाबरोबर घ्यायची. म्हणजे थायरॉइडची पण वाया आणि आयर्नची पण वाया! डॉक्टरांनी मग असं लावून दिलं: थायरॉइडची सकाळी सहाला साध्या पाण्याबरोबर, सातला चहा-पाव, आयर्न अकराला लिंबूपाण्याबरोबर, एकला जेवण, चारचा चहा आहेच, आणि कॅल्शियम रात्री जेवल्यावर. थायरॉइडच्या गोळीत आणि आयर्नमध्ये निदान चार तास पाहिजेत. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशा अँटिबायोटिकबरोबरही आयर्न घ्यायचं नाही, किती अंतर ठेवायचं ते विचारून घ्या.

रिकाम्या पोटी आयर्न चांगलं लागू पडतं, म्हणजे जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तास. पोट ढवळत असेल तर थोडं खाऊन घ्या पण बंद करू नका. दिवसातून तीनदा घेतली तर लवकर रक्त वाढेल असं काही नाही, एक डोस पोटात गेला की शरीर हेपसिडिन नावाचं हार्मोन वाढवतं आणि पुढचे चोवीस तास आयर्न कमी शोषतं, म्हणून हल्ली काही डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात, त्रासही कमी होतो. गरोदरपणात हा बदल स्वतःहून करू नका.

शी काळी होते, घाबरू नका, ते आयर्नमुळेच. पण डांबरासारखी चिकट, घाण वास येणारी झाली किंवा लाल रक्त दिसलं तर लगेच दाखवा. बद्धकोष्ठासाठी पाणी, पेरू, भाज्या. लिक्विड आयर्नने दात काळे पडतात, स्ट्रॉने घ्या आणि चूळ भरा.

व्हिटॅमिनचं थोडक्यात. हातापायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसरायला होतं, तर बी-१२ तपासा, विशेषतः पूर्ण शाकाहारी असाल, किंवा डायबेटिसची मेटफॉर्मिन, ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील. बी-१२ न तपासता नुसतं फोलिक ॲसिड मोठ्या डोसमध्ये घेत राहिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं, ते कधी कधी भरून येत नाही. गरोदर बाईने व्हिटॅमिन ए जास्त असलेली मल्टीव्हिटॅमिन विचारल्याशिवाय घेऊ नये, बाळाला धोका असतो.

जेवणात तिसऱ्यो (शिंपल्या) हव्याच, त्यांत आयर्न पण आणि बी-१२ पण. श्रावणात नुस्तं (मासे) बंद असतं तेव्हा तांबडी भाजी (लाल माठ), अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), कुळीथ, आणि वर लिंबू पिळायचंच. पण हिमोग्लोबिन ८ पर्यंत खाली आलं असेल तर नुसत्या बीट-खजुरावर भागणार नाही, गोळी लागतेच.

आणि घरात लहान मूल असेल तर हे दोनदा वाचा. या लाल गोळ्या मुलांना चॉकलेटच वाटतात. दहा किलोच्या मुलाला १०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांनीसुद्धा त्रास सुरू होऊ शकतो आणि सहा गोळ्या जीवावर बेतू शकतात. मुलाने खाल्ल्या असा नुसता संशय आला तरी १०८ ला फोन करा, स्ट्रिप बरोबर न्या, घरी उलटी करायला लावू नका. आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल बरं झाल्यासारखं वाटतं, त्यावर विश्वास ठेवून घरी थांबू नका, नंतर एकदम बिघडतं. गोळ्या कुलपात ठेवा, फ्रीजवर नको.

साधारण महिन्याने हिमोग्लोबिन परत करा, १ ते २ ने वाढायला हवं. नॉर्मल आलं की लगेच सोडायची नाही, साठा भरायला आणखी तीनेक महिने गोळी लागते, बहुतेक जण इथेच सोडतात आणि वर्षभरात परत तिथेच येतात. आणि नियमाने घेऊनही आकडा हललाच नाही तर ब्रँड बदलत बसू नका. रक्त अजून जातंय का, आतडं आयर्न शोषतंय का, निदानच वेगळं आहे का, हे डॉक्टरांकडून बघून घ्या. गोळी सोसतच नसेल तर शिरेतून आयर्न देतात, पण क्वचित जोराची रिॲक्शन येते म्हणून ते हॉस्पिटलमध्ये, देखरेखीखालीच घ्यायचं.