आपत्कालीन पिशवीतली वीज: परवडणारी पॉवर बँक आणि बॅटरी कशी निवडावी

आपत्कालीन पिशवीसाठी पॉवर बँक घ्यायला गेलेले बहुतेक जण खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा शोधतात आणि तो खिशाला परवडला की खरेदी उरकतात. हा क्रम उलटा असायला हवा. वीज गेल्यावर पहिले तीन दिवस कोणकोणती उपकरणे चालू राहिलीच पाहिजेत, हे आधी कागदावर लिहावे आणि मग त्या यादीला पुरेल एवढीच बॅटरी घ्यावी, कारण साठवलेली वीज महाग असते आणि अनावश्यक क्षमतेचे ओझेही आपल्यालाच वाहावे लागते. सामान्यतः ही यादी छोटीच निघते: फोन, दिवा, रेडिओ आणि घरात कोणाला लागत असेल तर वैद्यकीय उपकरण. किटली, शेगडी, इस्त्री यांसारखी उष्णता निर्माण करणारी उपकरणे यादीतून सरळ वगळावीत, कारण हातात उचलून नेता येईल अशी बॅटरी ती फार वेळ चालवू शकत नाही.

हिशेब वॉट-तासांत करावा. उपकरण किती वॉट घेते याला ते किती तास चालवायचे आहे त्याने गुणले की गरज कळते. 3 वॉटचा एलईडी दिवा रोज 5 तास लावला तर 15 वॉट-तास लागतात. आजच्या फोनमध्ये साधारण 5,000 मिलीअँपिअर-तासांची (एमएएच) बॅटरी असते, म्हणजे सुमारे 19 वॉट-तास. फोन जपून वापरला, पडद्याचा उजेड कमी ठेवला आणि गरज नसताना इंटरनेट बंद केले, तर दिवसाला निम्मी बॅटरी पुरते. दोन फोन आणि एक दिवा धरला तर रोजची गरज सुमारे 35 वॉट-तास आणि तीन दिवसांची सुमारे 105 वॉट-तास होते.

आता पॉवर बँक हातात घेऊन उलटी करावी. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत 20,000 एमएएच असे लिहिलेले असते, परंतु खालच्या बाजूच्या बारीक अक्षरांत 3.7 व्होल्ट आणि 74 वॉट-तास हे आकडे दिसतात, आणि खरी क्षमता यांवरून ठरते. पुढचा मोठा आकडा आतल्या सेलच्या व्होल्टेजला मोजलेला असतो; फोनला वीज देताना ती 5 व्होल्टपर्यंत किंवा त्याहून वर चढवावी लागते आणि या रूपांतरात काही वीज उष्णता होऊन वाया जाते. त्यामुळे 20,000 च्या पॉवर बँकेतून 5,000 चा फोन चार वेळा नव्हे, तर साधारण तीन वेळा भरतो, असे धरूनच चालावे. वॉट-तासांचा आकडा कोठेच छापलेला नसेल, किंवा आकार आणि वजन लहान असूनही क्षमता अवाढव्य सांगितली असेल, तर ती वस्तू कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

वरच्या हिशेबाप्रमाणे 20,000 च्या दोन पॉवर बँका एका कुटुंबाला तीन दिवस पुरतात. एकच मोठी घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्याव्यात, असे माझे ठाम मत आहे: एक बिघडली तरी दुसरी हाताशी राहते आणि घरातली माणसे दोन ठिकाणी विभागली गेली तर दोघांकडेही वीज असते. केबल मात्र चांगली आणि प्रत्येक उपकरणाच्या पिनेला जुळणारी घ्यावी, आणि पिशवीतली केबल पिशवीतच राहू द्यावी.

एक अडचण खोक्यावर कोठेही लिहिलेली नसते. मी एकदा डोक्याला बांधायची विजेरी पॉवर बँकेला लावून ठेवली आणि तासाभराने पाहिले तर ती तितकीच रिकामी होती. विजेरी इतका कमी प्रवाह घेत होती की पॉवर बँकेने काही जोडलेलेच नाही असे समजून स्वतःला बंद केले होते. काही पॉवर बँकांमध्ये कमी प्रवाहासाठी वेगळी सोय असते. ती नसेल तर दिवा आणि रेडिओ सुट्या एए सेलवर चालणारे घ्यावेत. त्यामुळे पॉवर बँकेवरचा भारही हलका होतो. अल्कलाइन सेल वर्षानुवर्षे टिकतात, पण उपकरणात तसेच पडून राहिले तर पाझरून ते उपकरण खराब करतात, म्हणून ते वेष्टनासह बाजूला ठेवावेत.

पॉवर बँकेच्या पाठीवरच बसवलेल्या सौर पट्टीवर विसंबू नये. तळहाताएवढी ती पट्टी भर उन्हात एक-दोन वॉट देते, म्हणजे 74 वॉट-तास भरायला कित्येक दिवस लागतात, आणि तेवढा वेळ लिथियम बॅटरी उन्हात तापत ठेवणे धोक्याचे असते. सौरऊर्जा हवीच असेल तर 20 वॉट किंवा त्याहून मोठे घडीचे पॅनेल वेगळे घ्यावे, पॅनेल उन्हात आणि पॉवर बँक सावलीत ठेवावी, आणि छापलेल्या वॉटपेक्षा बरीच कमी वीज मिळेल असे गृहीत धरावे.

श्वसनाचे यंत्र किंवा तत्सम उपकरण चालवायचे असेल तर पॉवर स्टेशन, म्हणजे घरगुती प्लग लावता येणारी मोठी बॅटरीची पेटी, लागते. येथे काटकसर क्षमतेत करू नये, सोयींत करावी. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची असावी. ती जड असते, पण अधिक सुरक्षित असते आणि हजारो वेळा भरता येते. त्यातला इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची डीसी वीज घरगुती एसी विजेत बदलणारा भाग, शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच वीज देणारा, असावा. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी वीज खातो, त्यामुळे उपकरणाला इन्व्हर्टरविना थेट बॅटरीला जोडणारी डीसी केबल मिळत असेल तर तीच वापरावी आणि ते एक रात्रभर खरोखर चालते का, हे वीज असतानाच पडताळून घ्यावे. इंधनावर चालणारा जनरेटर घरात, गॅरेजमध्ये किंवा खिडकीजवळ कधीही चालवू नये, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि तो जीव घेतो.

लिथियम बॅटरी दीर्घकाळ ठेवायची तर अर्धी भरलेली चांगली, हे खरे असले तरी आपत्कालीन पिशवीतली बॅटरी भरलेलीच हवी. तिचे आयुष्य थोडे कमी होईल, पण ऐनवेळी ती उपयोगी पडेल. दर तीन महिन्यांनी पिशवी उघडून एक फोन त्या बॅटरीवर भरून पाहावा, ती पुन्हा पूर्ण भरावी आणि त्या दिवसाची तारीख चिकटपट्टीवर लिहून तिला लावावी. बंद गाडीत किंवा तापणाऱ्या पोटमाळ्यावर ती ठेवू नये. कवच फुगलेले दिसले तर ती तिथेच वापरातून काढावी, भरू किंवा टोचू नये, आणि घरच्या कचऱ्यात न टाकता इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी.