बँडमध्ये व्हायोलिन वाजवायचंय? आधी उजवा हात बघा

पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिन शिकून जॅझकडे वळणारे बहुतेक जण आधी विचारतात, स्केल कोणती वाजवू? पण सगळे सूर बरोबर असूनही सोलो पाठ केलेल्या धड्यासारखा वाटतो, तेव्हा दोष बहुधा उजव्या हातातल्या गजात, म्हणजे बोमध्ये, असतो.

शास्त्रीय सवयीने आपण गज बीटवर बदलतो. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत, तो ऑफबीटवर, म्हणजे दोन बीटच्या मधे, बदलून बघा, आणि त्याच गजात पुढच्या बीटचा सूर ओढून घ्या. जोर आपोआप ऑफबीटवर जातो. मी हे साध्या बी फ्लॅट मेजर स्केलवर घोटलं, मेट्रोनोमचा ठोका चार बीटपैकी २ आणि ४ वर धरून. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय सापडलेला नाही. व्हायब्रेटो, म्हणजे बोटाने सुराला दिलेलं कंपनही आवरा, लांब सुराच्या शेवटी थोडासा पुरतो.

ऐकायला स्टेफान ग्रापेली आणि स्टफ स्मिथ हे दोघे जॅझ व्हायोलिनवादक शेजारी ठेवा. १९३४ मध्ये पॅरिसमध्ये ग्रापेलीने गिटारवादक जँगो राइनहार्टबरोबर जे पंचक उभं केलं त्यात व्हायोलिन, तीन गिटार आणि डबल बास एवढंच होतं. ड्रम नाहीत, म्हणून तो मऊ, वाहता आवाज टिकला. स्मिथचा गज तुटक आणि खरखरीत. १९३० च्या दशकातच व्हायोलिनला अॅम्प्लिफायर जोडणाऱ्या पहिल्या काही जणांत तो होता. मला स्वतःला स्मिथ जास्त शिकवून गेला. दोघांच्याही सोलोच्या चार-चार ओळी कानाने उतरवा. छापील नोटेशनमध्ये गज कळत नाही.

ब्लूजमध्ये व्हायोलिन उपरं नाही. मिसिसिपी शीक्स या बँडच्या १९३० च्या रेकॉर्डिंगमध्ये लॉनी चॅटमनचं फिडल, म्हणजे व्हायोलिनच, आहे. गिटारवाले ई मध्ये वाजवायला सांगतील तेव्हा खूश व्हा: आपल्या जी, डी, ए, ई या चारही मोकळ्या तारा ई मायनर पेंटाटॉनिक या पाच सुरांच्या स्केलमध्ये बसतात. फक्त ब्लूजचा खरा गंधार (स्केलचा तिसरा सूर) जी आणि जी शार्पच्या मधे कुठेतरी असतो, आणि मोकळी तार तिथे सरकत नाही. तो सूर डी तारेवर तिसऱ्या बोटाने जी पासून किंचित वर ढकलत घ्या. मधेच थांबायचं, वर पोचायचं नाही. जॅझमधल्या सॅक्सोफोन-ट्रम्पेटवाल्यांच्या ई फ्लॅटमध्ये मात्र ए आणि ई या मोकळ्या तारा कामाच्या नाहीत.

रॉकमध्ये पहिली अडचण आवाजाची. ब्रिजवरचा (घोडीवरचा) पिएझो पिकअप, म्हणजे कंपन पकडून अॅम्पला देणारा छोटा सेन्सर, थेट गिटार अॅम्पला लावला तर बऱ्याचदा किरकिरा, पातळ आवाज येतो. मधे साधारण १ मेगाओम इनपुटचा प्रीअँप, म्हणजे पिकअपचा सिग्नल अॅम्पआधी सावरणारी डबी, हवा. फीडबॅक (अॅम्पची शिट्टी किंवा घुमणं) येऊ लागला की खालच्या फ्रीक्वेन्सी कमी करा आणि अॅम्पसमोरून बाजूला व्हा. वाह पेडल (पायाने दाबून आवाजाला ‘वाव-वाव’ वळण देणारं यंत्र) वगैरे नंतर. महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडमधले व्हायोलिनवादक जेरी गुडमन आणि त्यांच्यानंतर आलेले जाँ-ल्यूक पाँटी ऐकून ते घ्यावंसं वाटणारच, पण पेडलने लय सुधारत नाही.

आणि गायक गात असताना लांब सूर ओढू नका, ते थेट आवाजावर चढतात. त्या वेळेसाठी ‘चॉप’ शिका: गजाच्या मुठीकडचे केस तारांवर वरून आपटायचे, सूर न येता फक्त टक्‌. साठच्या दशकात ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या प्रकारात फिडलवादक रिचर्ड ग्रीनने हे सुरू केलं. गिटारवाल्याचा सोलो चालू असतानाही हेच वाजवा, २ आणि ४ वर.