जुन्या घराचा नकाशा करताना कर्ण मोजा

सिव्हिल डिप्लोमा किंवा इंटिरिअरचा कोर्स संपवून बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कामाला लागणाऱ्यांसाठी हे. नव्या प्लॉटवरचं घर जमेल तुम्हाला. पण सुरुवातीला वाट्याला येतात ती जुन्या घरांची दुरुस्तीची कामं, आणि घरमालक पहिल्याच भेटीत म्हणतो, "नकाशा कशाला? मेस्त्री आहे की आमचा!"

त्याला व्याख्यान देऊ नका. तीन मेस्त्र्यांचे दर मागवायला सांगा. एकाने ओटा धरलेला असतो, दुसऱ्याने राडारोडा उचलणं धरलेलं नसतं, तिसरा नुसता अंदाज ठोकतो. तिघांच्या हातात एकच नकाशा असला तरच आकडे जुळवून बघता येतात. तुमच्या फीचे पैसे मालकाला इथेच वसूल होतात.

आता मलाही फसवणारी गोष्ट. मंजुरीच्या जुन्या नकाशावर खोली ९ बाय १२ फूट. टेप लावला, चारही भिंती तेवढ्याच भरल्या. तरी काटकोन गृहीत धरायचा नाही! दोन्ही कर्ण मोजा. काटकोन असेल तर दोन्ही १५ फूट येतात. एक १५ फूट ४ इंच आणि दुसरा १४ फूट ८ इंच आला, तर ९ फुटांची भिंत जवळपास पाच इंच तिरकी आहे. मग २ फूट खोल कपाट एका कोपऱ्यात पुढे इंचभर फट सोडतं, शेजारच्या कोपऱ्यात शिरतच नाही, आणि फरशीची शेवटची ओळ पाचरीसारखी कापावी लागते. सुतार तुमचाच कागद दाखवतो. त्याने मापाबरहुकूम केलेलं असतं. माप गिलाव्यापासून की विटेपासून, तेही लिहा. नऊ इंची भिंत दोन्हीकडच्या गिलाव्यासकट दहा भरते.

कौलारू घरात तुळई कशावर टेकली आहे ते माळ्यावर चढून बघा. शंका आली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय "भिंत पाडणे" लिहूच नका. पावसाळ्यात एक फेरी मारा. पश्चिमेकडची ओल उन्हाळ्यात रंगाखाली लपते.

मोजण्यात अख्खा दिवस गेला तरी घाबरू नका, हात बसतो. इंटरनेटवरचे तयार प्लॅन मात्र मला मुळीच पटत नाहीत. आणि सॉफ्टवेअरच्या क्लासपेक्षा म्हातारा गवंडी जास्त शिकवतो, चहा पाजा त्याला.

कार्डावर "आर्किटेक्ट" छापू नका. १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्याने तो हुद्दा कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यांचाच. मोजणीची फी वेगळी आणि आधी घ्या. नकाशा एकदा मेस्त्रीच्या खिशात गेला की मालक फोन उचलत नाही.