‘तीन पंचमांश माणूस’ : अमेरिकी राज्यघटनेवर लिहिताना या चुका टाळा

अमेरिकेच्या राज्यघटनेवर मराठीत काही लिहिलं गेलं की एक वाक्य हमखास भेटतं : ‘या घटनेने कृष्णवर्णीय माणसाला तीन पंचमांश माणूस ठरवलं.’ त्यामागचा संताप रास्त आहे. पण तो चुकीच्या जागी लागतो, आणि तिथून पुढचं विवेचन उलटं होत जातं.

अपूर्णांक लहान होता म्हणून अन्याय झाला, असं समजू नका

सगळ्यात मोठी चूक ही. १७८७ साली घटना लिहायला फिलाडेल्फियात जमलेल्या राज्यांच्या प्रतिनिधींपुढे प्रश्न होता प्रतिनिधिगृहातल्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या जागांचा. जागा लोकसंख्येनुसार वाटायच्या, तर त्या लोकसंख्येत गुलाम धरायचे की नाही? ‘गोऱ्यांच्या बरोबरीने पूर्ण धरा’ असा आग्रह धरला गुलामांची संख्या मोठी असलेल्या दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायनाच्या पियर्स बटलर आणि चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी यांनी, म्हणजे गुलामांच्या मालकांनीच. धरायला विरोध होता तो उत्तरेकडच्या काही प्रतिनिधींचा. गुलामाला मत नव्हतंच. त्याला मोजून मिळणारी जागा त्याच्या मालकाच्याच पदरात पडणार होती. शेवटी तडजोड ठरली : जागा वाटताना गुलामांच्या संख्येचे तीन पंचमांश धरायचे.

आकडे मांडून पाहा. १७९० च्या पहिल्या जनगणनेत दक्षिणेतल्या व्हर्जिनियात ७,४७,६१० माणसं होती, त्यांतले २,९२,६२७ गुलाम. १७९२ च्या कायद्याने दर ३३,००० लोकांमागे एक जागा ठरली. भागाकारात उरेल ते सोडून द्यायचं. गुलाम वगळले तर राहतात ४,५४,९८३, म्हणजे १३ जागा. तीन पंचमांश धरले की संख्या होते ६,३०,५५९, म्हणजे १९ जागा. पूर्ण धरले असते तर २२ झाल्या असत्या. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात गुलाम अगदी थोडे आणि स्वतंत्र माणसं ४ लाख ३० हजारांच्या आसपास, व्हर्जिनियापेक्षा जराशीच कमी. तिला मिळाल्या १३. व्हर्जिनियाच्या जास्तीच्या सहा जागा ज्यांच्या डोक्यांवर उभ्या राहिल्या, त्यांतल्या एकालाही त्या जागांवर कोण बसणार हे ठरवता येत नव्हतं. हा विषय शिकवणाऱ्यांनी बाकी काही नाही तरी एवढं गणित फळ्यावर जरूर मांडावं.

पेनसिल्व्हेनियाच्याच गूव्हर्नूर मॉरिस यांनी हे परिषदेत तोंडावर विचारलं होतं : गुलाम माणसं असतील तर त्यांना नागरिक करा, मत द्या, मालमत्ता असतील तर दुसरी कुठलीच मालमत्ता का मोजत नाही? याला उत्तर मिळालं नाही. तडजोड तशीच कायम राहिली.

मजकूर न वाचता लिहू नका

घटनेच्या मूळ मजकुरात ‘गुलाम’ हा शब्दच नाही. तिथे ‘स्वतंत्र व्यक्ती’ आहेत आणि ‘इतर सर्व व्यक्ती’ आहेत. स्वतंत्र कृष्णवर्णीय पूर्ण मोजले जात. तेव्हा ‘सगळे कृष्णवर्णीय तीन पंचमांश’ हे विधान चूक आहे. कर न भरणारे मूळ अमेरिकी मात्र मोजणीतून साफ वगळले होते.

तीन पंचमांश हे प्रमाणही फिलाडेल्फियात जन्मलेलं नाही. १७८३ मध्ये राज्यांवर कराचा बोजा कसा वाटायचा या वादात ते आधी पुढे आलं होतं, आणि तेव्हा बाजू नेमक्या उलट होत्या : कर भरायचा म्हटल्यावर दक्षिणेला गुलाम कमी मोजलेले हवे होते.

फक्त प्रतिनिधिगृहावर थांबू नका

राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळात प्रत्येक राज्याची मतं म्हणजे त्याच्या दोन्ही सभागृहांतल्या जागांची बेरीज. त्यामुळे गुलामांच्या मोजणीचं वजन तिथेही पोचलं. १८०० सालच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत व्हर्जिनियाच्या जेफरसन यांना ७३ मतं पडली, उत्तरेकडच्या अॅडम्स यांना ६५. गुलामांच्या संख्येमुळे वाढलेली मतं वजा केली तर अॅडम्स जिंकले असते, असं अनेक इतिहासकार मांडतात. मात्र उत्साहाच्या भरात पहिल्या ३६ वर्षांतली व्हर्जिनियाच्या अध्यक्षांची सगळी ३२ वर्षं याच खात्यावर टाकू नका. त्यांतले पहिले, वॉशिंग्टन, दोन्ही वेळा एकमताने निवडून आले होते.

१८६५ ला पूर्णविराम देऊ नका

गुलामगिरी संपली, १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने माजी गुलामही पूर्ण मोजले जाऊ लागले, आणि बहुतेक लेख इथेच संपतात. पण पूर्ण मोजणीने दक्षिणेचं संसदेतलं वजन वाढलंच. काही वर्षं कृष्णवर्णीय पुरुषांनी मतदान केलं, आपले प्रतिनिधीही निवडून दिले. पुढे दक्षिणेतल्या मिसिसिपीने आपल्या १८९० च्या नव्या राज्यघटनेत मतदानासाठी कर आणि साक्षरतेची अट घातली, दक्षिणेतल्या इतर राज्यांनीही तोच मार्ग धरला. माणसं पूर्ण मोजायची आणि मत द्यायचं नाही, ही बटलर यांची १७८७ ची मागणी अशी व्यवहारात पुरी झाली. मत नाकारणाऱ्या राज्याच्या जागा कमी करण्याची तरतूद चौदाव्या दुरुस्तीतच आहे. ती कोणत्याही राज्यावर बजावली गेली नाही, आणि मतदान हक्काचा खरा धाक असलेला कायदा यायला १९६५ उजाडलं.