फऱ्यात दुखतंय? मूळ कुठं आहे ते आधी शोधा

फरा, म्हणजे खांद्यामागचं पाठीवरचं हाड, दुखतो म्हणून दवाखान्यात येणाऱ्या बहुतेकांचं फऱ्याचं हाड ठणठणीत असतं. हे चपटं, तिकोनी हाड चहूबाजूंनी स्नायूंत दडलेलं असल्यामुळं सहसा मोडत नाही. मोडलंच, तर गाडीच्या जोरदार अपघातात किंवा उंचावरून पडल्यावर, आणि तेव्हा बरगड्या-फुफ्फुसाचीही तपासणी लागते. एरवी दुखणं येतं ते स्नायूंतून, मानेतून किंवा थेट छाती-पोटातून.

म्हणून पहिली परीक्षा हालचालीची. मान दोन्हीकडं वळवा, हात डोक्यावर न्या, खोल श्वास घ्या, मग घरातल्या कुणाला तरी बोटानं दाबायला सांगा. एका जागी दाबल्यावर "हां, इथंच!" असं झालं आणि हालचालीबरोबर कमीजास्त झालं, तर बहुधा स्नायू. कसंही बसा, कसंही झोपा, काही फरक पडत नाही, असं असेल तर आतलं कारण शोधायला हवं. ही परीक्षा शंभर टक्के नाही. दाबून दुखतंय म्हणजे हृदय नाहीच, असं समजू नका.

मणका आणि फरा यांच्यामधल्या पट्ट्यात उसण भरते ती बहुतेक बैठकीमुळं. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. हुपरीत चांदीकामाला मान घालून बसणारा कारागीर आणि मोबाईलवर वाकलेला कॉलेजचा पोरगा, दोघांच्याही फऱ्यामागचे स्नायू ते दिवसभर तोलून धरतात. ऊसतोडीत मोळी उचलताना किंवा तालमीत एकदम जोर वाढवल्यावर मात्र स्नायू ताणला जातो. अशा वेळी:

- १५ मिनिटं शेक, दिवसातून दोन-तीनदा. ताजी दुखापत असेल तर पहिले दोन दिवस बर्फ, तोही फडक्यात गुंडाळून.
- भिंत आणि पाठ यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरून दुखऱ्या जागी एक-दोन मिनिटं हलकेच फिरवा. मणक्यावर नको.
- दोन्ही फरे मागं एकमेकांकडं ओढा, ५ सेकंद धरा, सोडा. असं १० वेळा. खांदे कानाकडं चढू देऊ नका. बहुतेकांचं इथंच चुकतं आणि मानच जास्त अवघडते.
- नाक दुसऱ्या बाजूच्या काखेकडं नेऊन २०-३० सेकंद थांबा, तीन वेळा.

अंथरुणाला खिळून राहू नका. हलकं काम चालू ठेवलं तर दोन-तीन आठवड्यांत उतार पडतो.

पैलवानांसाठी एक वेगळी खूण. दोन्ही तळहातांनी भिंत ढकलताना एक फरा पाठीतून पंखासारखा बाहेर येत असेल, तर त्याला धरून ठेवणाऱ्या स्नायूची नस दुखावलेली असू शकते. ती भरायला महिनोन्‌महिने लागतात. जोर, मुद्गल बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.

मानेतली नस दबली तर दुखणं फऱ्याच्या आतल्या काठाला सुरू होतं आणि हाताला मुंग्या कधीकधी काही दिवसांनी येतात. हात डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटणं ही याची चांगली खूण. अशा माणसानं सलूनमध्ये मान कडकड मोडून घेणं म्हणजे दुखणं विकत घेणं. त्यात मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनीही फाटू शकते.

उजव्या फऱ्याखाली, तांबडा-पांढरा आणि मटणाचं ताट झाल्यावर तास-दोन तासांत, बरगडीखालच्या कळेबरोबर दुखायला लागलं तर पित्ताशयातले खडे आठवा. अर्ध्या तासापासून काही तास टिकतं आणि आपोआप ओसरतं, म्हणून लोक "पित्त झालंय" म्हणून सोडून देतात. पोटाची सोनोग्राफी करा. कळ थांबेना, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना.

एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते, शर्टही लागला तरी सहन होत नाही? नागीण असू शकते. फोड दोन-तीन दिवसांनी उठतात. ते उठल्यापासून ७२ तासांत औषध सुरू केलं तर जास्त उपयोग होतो.

आता ज्यात वाट पाहायची नाही ते. डाव्या फऱ्यात किंवा दोन्ही फऱ्यांच्या मधोमध दुखणं, सोबत घाम, दम, मळमळ किंवा जबड्यात कळ. चालल्यावर वाढणं, थांबल्यावर कमी होणं. बायकांत आणि मधुमेह्यांत छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येतो. "गॅस धरलाय" म्हणून ओवा खात बसू नका आणि स्वतः गाडी चालवत निघू नका. १०८ला फोन करा किंवा कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात कुणाला तरी न्यायला सांगा. पहिला ईसीजी चांगला आला तरी रक्ततपासणी लागते, ती न करता घरी परतू नका. पाठीत फाटल्यासारखी अचानक कळ आली, किंवा श्वास घेताना टोचून दम लागला, तरीही असंच धावायचं.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन घटणं, संध्याकाळचा ताप, पायातली ताकद कमी होणं यांत क्षयापासून गाठीपर्यंत बरंच काही निघतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यानं छातीचा एक्स-रे टाळू नये. निव्वळ फऱ्याचा एक्स-रे काढून "सगळं नॉर्मल" ऐकण्यात मात्र सहसा पैसेच जातात. मानेचा एमआरआय हाताची ताकद कमी झाली किंवा सहा आठवड्यांत उतार पडला नाही तरच, आणि तोही डॉक्टरांनी हात लावून तपासल्यावर.