नवं कार्ट्रिज मनासारखं वाजत नाही? रुळायची वाट बघण्याआधी हे करा

बेताच्या किमतीचं टर्नटेबल हौसेनं घ्यावं, त्यावर घरातल्या कपाटातली जुनी एलपी लावावी आणि आवाज ऐकून मन खट्टू व्हावं, असं इंदुरातल्या ओळखीच्या घरांतून हल्ली वरचेवर ऐकू येतं. ‘स’ आणि ‘श’ फिस्कारतात, डग्गा पोकळ वाटतो, गळा कर्कश लागतो. यावर सल्ला ठरलेला असतो: वीस-तीस तास वाजू द्या, सुई रुळली की आवाज आपोआप खुलेल. त्यात थोडं तथ्य आहे. पण नव्या कार्ट्रिजच्या (सुई जिच्यात बसते आणि तिच्या थरथरीचा विद्युत संदेश करते त्या डबीच्या) नावावर खपणारे बहुतेक दोष जुळणीचे, म्हणजे ते नीट न बसवल्याचे असतात, आणि ते कितीही तास वाजवलं तरी जात नाहीत. म्हणून आधी जुळणी करा, मग रुळू द्या, पैसे अगदी शेवटी काढा.

तबकडी कोणती आहे? आपल्याकडे मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या (७८ आरपीएम) लाखेच्या तबकड्या अजून पुष्कळ घरांत आहेत. शहराजवळ पिगडंबरला सुमन चौरसियांनी तर ग्रामोफोन रेकॉर्डचं आख्खं संग्रहालय उभं केलंय. त्या तबकडीची खोबण रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येचं टोक लागतं. एलपीच्या सुईचं साधं गोल टोक १५ ते १८ मायक्रॉनचं. ते रुंद खोबणीच्या तळाशी जाऊन घासतं आणि खरखरच जास्त ऐकवतं. तेव्हा पारख एलपीवरच करा, तीही धूळ पुसलेल्या आणि फारशी न झिजलेल्या.

भार, म्हणजे सुई तबकडीवर किती वजनानं टेकते ते. दागिने तोलायला सराफ्यात वापरतात तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा मिळवा. या सगळ्या खटाटोपात हीच खरेदी सर्वांत उपयोगाची आहे. सुईचं टोपण काढा, अँटी-स्केटिंग (सुई मध्याकडे ओढली जाऊ नये म्हणून दिलेली उलटी ओढ) शून्यावर आणा आणि मागचं वजन फिरवत टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा लांब दांडा, आडवा तरंगेल असा करा. मग वजन न हलवता फक्त आकड्यांची चकती शून्यावर आणा, आणि त्यानंतर वजन चकतीसकट फिरवून भार द्या. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी३६००एलला ३.५ ग्रॅमच्या आसपास भार लागतो, एटी-व्हीएम९५ईला २ ग्रॅम, ऑर्टोफॉनच्या टूएम रेडला १.८. काट्यावर सुई शक्यतो रेकॉर्डच्याच उंचीवर टेकवून आकडा पडताळा आणि अँटी-स्केटिंगही तेवढ्यावरच ठेवून सुरुवात करा. हलका भार म्हणजे रेकॉर्डची काळजी, असा एक समज आहे. तो सोडून द्या. भार कमी पडला की सुई खोबणीत नीट टेकत नाही, भिंतींवर आदळते. फिस्कारणाऱ्या ‘स’चं कारण पुष्कळदा एवढंच निघतं. काही पूर्ण स्वयंचलित टर्नटेबलांना मागचं वजन फिरवायची सोयच नसते. तिथे सुई तिच्या घरात शेवटपर्यंत सरकून बसली आहे ना, इतकंच बघा.

कोन. टोनआर्मच्या टोकाच्या हेडशेलमध्ये कार्ट्रिज पुढे-मागे किंवा तिरकं बसलेलं असतं आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. कागदी प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायचा आखलेला तक्ता) छापून घ्या. छापताना आकार शंभर टक्केच ठेवा आणि कागदावरचं माप पट्टीनं मोजून बघा. प्रचलित बेअरवाल्ड पद्धतीत मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर दोन बिंदू असतात. दोन्ही ठिकाणी सुई टेकवायची आणि कार्ट्रिज जाळीच्या रेघांना समांतर येईपर्यंत दोन्ही स्क्रू सैल ठेवून सरकवायचं. खरं बघायचं ते कार्ट्रिजच्या खोक्याकडे नाही, सुई जिच्या टोकाला असते त्या बारीक दांडीकडे. टेबल-लॅम्प बाजूनं धरा आणि डोळा तबकडीच्या पातळीला आणा; दांडी वाकडी असली तर लगेच कळते. मग स्क्रू थोडे-थोडे आळीपाळीनं आवळा आणि भार पुन्हा तोला.

एवढी मेहनत आपल्या संगीतासाठी जास्तच महत्त्वाची आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खोबण सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. म्हणजे तितकाच मजकूर आत निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो आणि साध्या गोल टोकाला त्यातली बारीक वळणं पकडता येत नाहीत. आता ख्यालाची मांडणी आठवा. विलंबित सुरू होतो तो ऐसपैस कडेला. द्रुत, ताना, तराणा येतात ते लेबलाशी. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा संथ आलाप ऐकताना कार्ट्रिज छान वाटतं आणि बाजूच्या शेवटी, गायन रंगात आलेलं असताना, तानेला खरखरीची किनार लागते. कोन अचूक केला तर ही किनार बरीच कमी होते. उरते ती टोकाच्या आकारामुळे, आणि ती कुठल्याही रुळण्यानं जाणार नाही.

फोनो जोडणी. टर्नटेबलच्या मागे फोनो/लाइन असं बटण असेल तर फोनो प्रीअँप (कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवून त्याचा खर्ज भरून काढणारा भाग) साखळीत एकदाच येईल असं बघा. दोनदा आला तर आवाज फाटतो, एकदाही नाही आला तर क्षीण आणि बिनखर्जाचा येतो.

आता रुळण्याकडे वळू. सुईची दांडी मागच्या बाजूला रबराच्या बारीक कडीत रोवलेली असते. नवी कडी जरा ताठ असते आणि वाजून-वाजून किंचित सैलावते. त्यामुळे खर्ज थोडा मोकळा होतो, वरच्या सुरांची धार जरा उतरते. फरक असतो, पण थोडा. एक बाजू साधारण २० मिनिटांची धरली तर २० तास म्हणजे ६० बाजू झाल्या. तेवढं रोजच्या ऐकण्यात आनंदानं होऊन जातं. रात्रभर रिकाम्या खोलीत वाजत ठेवू नका. लंबगोल टोकाचं आयुष्य ऑडिओ-टेक्निका सुमारे ३०० तास सांगते. ते असं फुकट का घालवायचं?

रबर थंडीतही ताठरतं. डिसेंबर-जानेवारीत इंदूरची सकाळ १० अंशांच्या आसपास असते आणि तेव्हा वाजवलेलं कार्ट्रिज रुक्ष लागतं. निवाडा दुपारी करा, खोली २०-२५ अंशांवर असताना.

रुळल्यानं खरंच काय बदललं ते कानावर सोडू नका, कारण कानालाही नव्या आवाजाची सवय होत जाते. जुळणी झाल्या दिवशीच एका एलपीचे दोन तुकडे कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवा: एक कडेचा, एक लेबलाजवळचा. वीसेक तासांनी, तशाच हवेत, तेच तुकडे पुन्हा रेकॉर्ड करा आणि दोन्ही सारख्या आवाजावर लागोपाठ ऐका. कोणता तुकडा लावतोय ते न सांगता लावायला घरातल्या कोणाला तरी सांगितलंत तर आणखी चांगलं. फक्त खर्ज आणि धार बदलली असेल तर ते रुळणं. एका स्पीकरचा दबका आवाज, सततची घूं-घूं किंवा फुटणारी तान तशीच असेल तर तारा, अर्थिंगची जोडणी आणि भार पुन्हा तपासा. हेडशेलमध्ये पांढरी व निळी तार डाव्या स्पीकरची, लाल व हिरवी उजव्याची.

एवढं करूनही द्रुताशी येऊन विरस होत असेल तर कार्ट्रिज पूर्ण बदलायची घाई नको. व्हीएम९५ मालिकेच्या एकाच खोक्यात साध्या गोल टोकापासून मायक्रोलाइन या बारीक धारेच्या टोकापर्यंत कोणतीही सुई बसते, टूएम रेडवर टूएम ब्लूची. नुसती सुई ओढून काढायची, नवी बसवायची. तिच्या पत्रकात लिहिलेला भार मात्र पुन्हा काट्यावर बघून घ्या. जुनी सुई डबीत जपून ठेवा, ओरखडे पडलेल्या रेकॉर्डसाठी ती चालते.